बहुमितीय अ‍ॅरेची स्लाइस: व्ह्यू द्यावा की कॉपी, आणि मिती कधी गळावी?

त्रिमिती

नमस्कार.

आमचा एक छोटा गट रस्ट या प्रोग्रामिंग भाषेमध्ये बहुमितीय अ‍ॅरेची लायब्ररी लिहीत आहे. या कामासाठी एनडीअ‍ॅरे ही भक्कम लायब्ररी आधीपासून आहे आणि रोजच्या कामात आम्ही तीच वापरतो. मात्र स्लाइसिंगच्या (हवा तो तुकडा कापून घेण्याच्या) रचनेत कोणता निर्णय कुठे अडतो, हे स्वतः लिहून पाहिल्याशिवाय नीट उमगणार नाही, म्हणून हा उद्योग हाती घेतला आहे.

चाचणीसाठी भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे कार्यालयाकडून मिळणारी दैनिक पर्जन्यमानाची जाळी घेतली आहे. तिच्यात ६.५ ते ३८.५ उत्तर अक्षांश आणि ६६.५ ते १०० पूर्व रेखांश या पट्ट्यात ०.२५ अंशाच्या अंतराने बिंदू आहेत. त्यामुळे एका वर्षाचा अ‍ॅरे ३६५ × १२९ × १३५ असा होतो, म्हणजे ६३,५६,४७५ घटक, आणि प्रत्येकी ४ बाइट धरल्यास २,५४,२५,९०० बाइट. आम्हाला वारंवार लागणारी स्लाइस म्हणजे जून ते सप्टेंबर आणि महाराष्ट्र सामावणारी चौकट: [१५१..२७३, ३६..६३, २४..५९]. यात मोजणी शून्यापासून आहे, प्रत्येक पट्ट्याचा शेवटचा अंक वगळलेला आहे, आणि निकाल १२२ × २७ × ३५ असा येतो.

आमच्या गटात एकमत होत नसलेल्या गोष्टी अशा आहेत. ही स्लाइस मूळ मेमरीकडे बोट दाखवणारा व्ह्यू असावी की स्वतंत्र कॉपी? एखाद्या मितीत पट्ट्याऐवजी नुसता पूर्णांक दिला तर ती मिती निकालातून गळावी, की लांबी १ म्हणून शिल्लक राहावी? कापलेल्या तुकड्यातला पहिला दिवस शून्य म्हणावा की १५१? आणि या सगळ्याच्या आधी एक अडचण अशी की, रस्टमधल्या इंडेक्स ट्रेटच्या (चौकटी कंसांचे वर्तन ठरवणाऱ्या कराराच्या) अटीमुळे चौकटी कंसातून व्ह्यू परतच करता येत नाही असे दिसते. त्यावर काही वाट आहे का?

पायरीबंध

तुमच्या शेवटच्या अडचणीपासून सुरुवात करतो, कारण ती सुटेपर्यंत बाकीचे निर्णय हवेतच राहतात.

इंडेक्स ट्रेट रेफरन्स (मूळ वस्तूकडे नेणारा दुवा) परत मागतो, म्हणजे ज्या गोष्टीचा रेफरन्स द्यायचा ती आधीपासून कुठेतरी अस्तित्वात असावी लागते. एकमितीय व्हेक्टरच्या बाबतीत हे निभते, कारण तिथल्या स्लाइसचा रेफरन्स म्हणजे एक पॉइंटर आणि एक लांबी, आणि ही जोडी भाषेलाच ठाऊक आहे. तुमच्या त्रिमितीय तुकड्याला मात्र पॉइंटरशिवाय तीन लांब्या आणि तीन स्ट्राइड (त्या अक्षावर एक पाऊल पुढे जाताना मेमरीत ओलांडायचे अंतर) सोबत न्यावे लागतात. एवढा ऐवज रेफरन्समध्ये बसवण्याची सोय भाषेत नाही, आणि तो त्याच क्षणी तयार होत असल्याने त्याचा रेफरन्स देण्याजोगी जागाही नाही. म्हणून चौकटी कंस फक्त एका घटकासाठी राखून ठेवावेत आणि स्लाइससाठी वेगळी मेथड द्यावी, हा एनडीअ‍ॅरेने काढलेला मार्ग मला आजही सर्वांत प्रामाणिक वाटतो. सी++ मध्ये ही अट नाही. तिथे कंसाचा ऑपरेटर एखादी वस्तू मूल्य म्हणून परत करू शकतो आणि सी++२३ पासून तो एकाहून अधिक आर्ग्युमेंटही घेतो. तरीसुद्धा त्याच आवृत्तीत आलेल्या एमडीस्पॅन या बहुमितीय व्ह्यूमध्ये कंस एका घटकासाठीच आहेत आणि स्लाइससाठी सबएमडीस्पॅन हे वेगळे फंक्शन सी++२६ साठी स्वीकारले गेले. ज्यांना भाषेची अडचण नव्हती त्यांनीही हेच केले, ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे.

आता व्ह्यू की कॉपी. व्ह्यूच्या बाजूने सर्वांत मोठा आधार म्हणजे त्यामागचे गणित किती थोडके आहे, हा. तुमच्या मूळ अ‍ॅरेचे स्ट्राइड घटकांच्या हिशेबात १७,४१५, १३५ आणि १ आहेत. वर दिलेली स्लाइस घेताना ऑफसेट (पहिल्या घटकाची मेमरीतली जागा) होतो १५१ × १७,४१५ + ३६ × १३५ + २४, म्हणजे २६,३४,५४९. स्ट्राइड तिन्ही जसेच्या तसे राहतात आणि लांब्या बदलतात. एवढ्यात स्लाइस पूर्ण झाली, एकही घटक हलला नाही. त्याच पट्ट्यातला दर सातवा दिवस हवा असेल तर पहिला स्ट्राइड सातपट, म्हणजे १,२१,९०५ होतो आणि लांबी १८. अक्षांश उत्तरेकडून दक्षिणेकडे वाचायचे असतील तर दुसरा स्ट्राइड उणे १३५ होतो आणि ऑफसेट पट्ट्याच्या शेवटच्या ओळीवर जातो. अक्षांची अदलाबदल म्हणजे नुसत्या स्ट्राइडची अदलाबदल. स्ट्राइड शून्य ठेवला की तीच ओळ हवी तितक्या वेळा ‘दिसते’. ब्रॉडकास्टिंगचा, म्हणजे लहान आकाराचा तुकडा मोठ्या आकाराचा असल्यासारखा वापरण्याचा, पाया तोच. शिवाय व्ह्यूवर पुन्हा स्लाइस घेतली तरी निकाल त्याच स्वरूपाचा राहतो, त्यामुळे व्ह्यूच्या व्ह्यूसाठी वेगळा टाइप लागत नाही. स्ट्राइड चिन्हासहित पूर्णांकात ठेवा, एवढे मात्र पहिल्याच दिवशी ठरवा. पायटॉर्च या पायथॉनच्या लायब्ररीत ऋण स्ट्राइडला जागा नाही, आणि त्यामुळे तिथे अ‍ॅरे उलटा करायचा म्हटला की कॉपी करावी लागते.

उणे टप्प्याचा अर्थ ठरवतानाही सावध राहा. नमपाय या पायथॉनच्या लायब्ररीत घटक ५ पासून ० पर्यंत उलटे हवेत म्हणून कोणी [५:-१:-१] लिहिले तर रिकामा अ‍ॅरे मिळतो, कारण -१ चा अर्थ तिथे ‘शेवटचा घटक’ असा आहे. दुसरी जागा मोकळी सोडून [५::-१] असेच लिहावे लागते. एनडीअ‍ॅरेने ही गुंतागुंत टाळण्यासाठी आधी पट्टा निवडायचा आणि मग तो उलट्या दिशेने चालायचा, असा नियम ठेवला आहे. ०..६ आणि टप्पा -१ म्हटले की ५, ४, ३, २, १, ०. वाचणाऱ्याला थांबून हिशेब करावा लागत नाही. तुम्ही हाच नियम घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन.

मात्र माझा खरा आग्रह दुसरा आहे. एका लेखनपद्धतीने एकच वचन द्यावे. नमपायमध्ये पट्ट्यांनी घेतलेली स्लाइस व्ह्यू असते आणि इंडेक्सांच्या यादीने किंवा बुलियन मास्कने (कोणता घटक घ्यायचा ते हो-नाहीत सांगणाऱ्या खुणांनी) घेतलेला तुकडा कॉपी असतो, पण कंस तेच असतात. पावसाच्या अ‍ॅरेला ‘अ’ म्हणू. अ[५:८][०] = ० असे लिहिले तर इंडेक्स ५ च्या दिवसाची सगळी नोंद शून्य होते; अ[[५, ६, ७]][०] = ० असे लिहिले तर मूळ अ‍ॅरे तसाच राहतो आणि ती शून्ये एका तात्पुरत्या कॉपीत लिहिली जाऊन नाहीशी होतात. कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही. हवामानाच्या आकड्यांमध्ये अशी चूक महिनोन्महिने दडून राहू शकते. आणखी एक उदाहरण पाहा: अ[०][:, [२४, २५]] याचा आकार १२९ × २ येतो, पण अ[०, :, [२४, २५]] याचा आकार २ × १२९ येतो, कारण यादीसोबत आलेला पूर्णांकही यादीच्याच वर्गात धरला जातो आणि मधे पट्टा असल्यामुळे यादीची मिती पुढे ढकलली जाते. नियम दस्तऐवजात स्वच्छ लिहिलेला आहे, तरी त्याचा अंदाज कोणाला बांधता येत नाही. यावर उपाय म्हणून दोन अर्थांसाठी दोन वेगळी नावे सुचवणारा एक औपचारिक प्रस्ताव नमपायच्या मंडळींनीच मांडला होता. तुमच्याकडे जुन्या कोडचे ओझे नाही, तेव्हा पट्टे ज्या मेथडमध्ये जातात तिच्यात यादी जाऊच देऊ नका. यादीने निवड करणाऱ्या मेथडचे नाव वेगळे ठेवा आणि ती नेहमी स्वतःच्या मालकीचा अ‍ॅरे परत करील असे टाइपमध्येच लिहा.

उभ्या_ओळी

वरच्या उत्तरातला ‘एक लेखनपद्धती, एक वचन’ हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, पण त्यातून व्ह्यूच निघतो असे नाही. ज्युलिया या भाषेने नेमके हेच वचन उलट्या बाजूने पाळले आहे: कंसातून घेतलेली स्लाइस नेहमी कॉपी असते, मग आत पट्टा असो, यादी असो वा मास्क, व्ह्यू हवा असेल तर तसे मॅक्रोने उघडपणे सांगावे लागते. एके काळी तिथे कंसाने व्ह्यू द्यावा असा बेत बराच पुढे गेला होता आणि विचारांती तो सोडून देण्यात आला.

कॉपीची बाजू समजून घ्यायची तर तुमच्याच आकड्यांकडे पाहा. महाराष्ट्राच्या चौकटीत १,१५,२९० घटक आहेत, म्हणजे ४,६१,१६० बाइट. व्ह्यू घेतला तर एवढ्याशा तुकड्यापायी अडीच कोटी बाइटांचा मूळ अ‍ॅरे मेमरीत अडकून राहतो. रस्टमध्ये लाइफटाइममुळे (रेफरन्स किती काळ वैध आहे ते सांगणाऱ्या टाइपमधल्या खुणेमुळे) ही गोष्ट निदान डोळ्यांसमोर राहते. नमपायमध्ये एखादा छोटा व्ह्यू डिक्शनरीत ठेवला की त्याच्यामागे मूळ अ‍ॅरे किती काळ जिवंत राहिला, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. दुसरी गोष्ट वेगाची. एका बिंदूवरची वर्षभराची मालिका व्ह्यू म्हणून घेतली तर शेजारच्या दोन घटकांमध्ये ६९,६६० बाइटांचे अंतर पडते. प्रोसेसर मेमरीतून ६४ बाइटांची ओळ उचलतो आणि त्यातले ४ बाइट वापरून उरलेले टाकून देतो. ही मालिका एकदाच वाचायची असेल तर प्रश्न नाही, पण तिच्यावर वारंवार हिशेब करायचे असतील तर एकदा सलग कॉपी करून घेणे बहुतेक वेळा फायद्याचे ठरते, आणि ज्युलियाचा दस्तऐवजही असेच सुचवतो.

रस्टमध्ये मालकी टाइपमध्येच दिसत असल्यामुळे तुम्ही व्ह्यूकडे झुकलात तरी माझी हरकत नाही. एवढेच करा, की व्ह्यूपासून मालकीचा अ‍ॅरे करणारी मेथड छोट्या नावाची आणि सहज सापडेल अशी असू द्या.

जुना_फोरट्रान

मिती गळण्याच्या प्रश्नावर आणि इंडेक्स कुठून मोजावा यावर लिहितो. बाकीचे वर आले आहे.

फोरट्रान ९० पासून नियम साधा आहे: ज्या जागी पूर्णांक, ती मिती जाते, ज्या जागी पट्टा, ती राहते, मग पट्ट्याची लांबी १ असली तरी. तुमच्या भाषेत [२००, .., ..] म्हणजे १२९ × १३५, आणि [२००..२०१, .., ..] म्हणजे १ × १२९ × १३५. ज्युलियाने ०.५ आवृत्तीपूर्वी फक्त शेवटच्या बाजूच्या मिती गाळण्याचा मधला मार्ग ठेवला होता, तो २०१६ मध्ये सोडून पूर्णांकाची प्रत्येक मिती गाळण्याचा नियम स्वीकारला. दोन्हींपैकी कोणता नियम घ्यावा, याहून अधिक महत्त्वाचे हे की मितींची संख्या इंडेक्सच्या टाइपवरून ठरावी, त्याच्या किमतीवरून कधीही ठरू नये. पट्ट्याची लांबी चालू प्रोग्राममध्ये १ निघाली म्हणून मिती गाळणारी लायब्ररी एखाद्या दिवशी एकाच दिवसाचा पाऊस आला की कोलमडते. रस्टमध्ये मितींची संख्या टाइपमध्ये असेल तर कंपायलर तुम्हाला हे करूच देणार नाही, ही जमेची बाजू. किंमत अशी, की पूर्णांक आणि पट्टे यांच्या प्रत्येक मिश्रणासाठी निकालाचा टाइप कंपाइलच्या वेळी काढावा लागतो. एनडीअ‍ॅरेमध्ये मॅक्रो आहे तो याचसाठी. निव्वळ लेखनाची सोय म्हणून तो आलेला नाही.

इंडेक्सच्या आरंभाबाबत फोरट्रानमध्ये सेक्शन (तिथली स्लाइस) दुसऱ्या सबरूटीनला दिला की तिथे तो, वेगळे काही सांगितले नसेल तर, १ पासून मोजला जातो. चॅपेल या भाषेत उलट आहे: तिथे अ‍ॅरेची स्लाइस मूळचेच इंडेक्स सांभाळते, आणि स्विफ्टमधली अ‍ॅरेस्लाइसही तसेच करते. तुमच्या जाळीत दिवस १५१ हा १५१ च राहावा हा मोह मी समजू शकतो, कारण १ जून कुठे आहे ते पुन्हा मोजावे लागत नाही. पण टप्पा ७ घेतला, किंवा अक्ष उलटा केला, की ‘मूळचा इंडेक्स’ म्हणजे १५१, १५८, १६५ असा तुटक होतो आणि त्यावर चालणारी प्रत्येक लूप हे गृहीत धरून लिहावी लागते. तारीख, अक्षांश आणि रेखांश ही माहिती अ‍ॅरेच्या वरच्या थरात, नावानिशी ठेवावी. पायथॉनमध्ये एक्सअ‍ॅरे तेच करते. खालचा थर शून्यापासून मोजू द्या.

जाता जाता एक इशारा. फोरट्रानमध्ये तुटक सेक्शन जुन्या धाटणीच्या सबरूटीनला दिला की कंपायलर गुपचूप सलग कॉपी करून पाठवतो आणि काम झाल्यावर मजकूर परत मूळ जागी उतरवतो. बीएलएएस या मॅट्रिक्सच्या गणितासाठीच्या लायब्ररीला मॅट्रिक्स देताना तुम्हालाही हाच प्रश्न येईल. एका दिवसाची [३६..६३, २४..५९] ही चौकट थेट देता येते, कारण ओळीतले घटक सलग आहेत आणि दोन ओळींमधले १३५ हे अंतर लीडिंग डायमेन्शन म्हणून सांगता येते. पण रेखांशात टप्पा २ घेतला तर ती सोय संपते, कारण बीएलएएसमधल्या मॅट्रिक्सला ओळ किंवा स्तंभ यांपैकी एक दिशा सलग लागते. अशा वेळी कॉपी होणार असेल तर ती लायब्ररीने मुकाट्याने करू नये. व्ह्यू सलग आहे का हे विचारणारी मेथड द्यावी, आणि उत्तर ‘नाही’ असेल तर निर्णय वापरणाऱ्यावर सोडावा.

त्रिमिती

तिघांचेही मनापासून आभार. व्ह्यू, पूर्णांकाची मिती गाळणे आणि शून्यापासून मोजणे, यांवर गटात आता एकमत आहे, आणि यादीने निवडण्यासाठी वेगळी मेथड करण्याचेही ठरले.

एक गोष्ट राहिली. बदल करता येणारे दोन व्ह्यू एकाच वेळी हवे आहेत: उदाहरणार्थ, जाळीचा डावा भाग [.., .., ०..६७] आणि उजवा भाग [.., .., ६७..१३५], दोन थ्रेडना वाटून देण्यासाठी. घटक वेगवेगळे आहेत हे उघड आहे, पण मेमरीत ते एकाआड एक पडतात: डाव्या भागाची एक ओळ, उजव्याची एक ओळ, पुन्हा डाव्याची. बॉरो चेकरला (एकाच मेमरीत दोघे एकाच वेळी बदल करत नाहीत ना, हे पाहणाऱ्या रस्ट कंपायलरच्या भागाला) हे कसे पटवायचे? आणि वापरणाऱ्याने कोणत्याही दोन स्लाइस दिल्या तर त्या एकमेकींवर येत नाहीत हे तपासणे परवडेल का?

पायरीबंध

पहिल्या भागाचे उत्तर असे की, व्ह्यूच्या पोटात रस्टची साधी स्लाइस ठेवूच नका. डाव्या भागाच्या पहिल्या घटकापासून शेवटच्या घटकापर्यंतचा सलग पट्टा घेतला तर त्यात उजव्या भागाच्या ओळीही येतात, आणि बदल करता येणारे असे दोन पट्टे एकाच वेळी अस्तित्वात असणे हेच नियमबाह्य आहे, मग तुम्ही त्या मधल्या घटकांना हात लावा वा न लावा. म्हणून आत कच्चा पॉइंटर, लांब्या आणि स्ट्राइड ठेवा, आणि लाइफटाइम फँटमडेटाने (जागा न घेणाऱ्या, फक्त टाइपसाठी असलेल्या खुणेने) बांधा. त्यावर एखाद्या अक्षावर दोन तुकडे करणारी मेथड लिहा. ती बदल करता येणारा व्ह्यू स्वतःकडे घेते, कापण्याची जागा मर्यादेत आहे एवढे तपासते आणि दोन व्ह्यू परत देते. अनसेफ कोड (ज्याची सुरक्षितता कंपायलर तपासत नाही) आत काही ओळींचे राहते आणि वापरणाऱ्याला दिसतही नाही. तुमच्या दोन थ्रेडच्या गरजेला एवढे पुरेसे आहे.

दुसऱ्या भागात एक सुंदर फरक दडलेला आहे. पॉइंटर, लांब्या आणि स्ट्राइड एवढ्याच माहितीवरून दोन कोणतेही व्ह्यू एकमेकांवर येतात का हे नेमके सांगणे सर्वसाधारणपणे फार अवघड आहे. तो मर्यादित किमतींच्या डायोफँटाइन समीकरणाचा (ज्याची उत्तरे पूर्णांकच हवीत अशा समीकरणाचा) प्रश्न बनतो आणि मिती वाढत गेल्या की त्याला लागणारा वेळ अतोनात वाढू शकतो. नमपायमध्ये नेमकी तपासणी आणि नुसत्या पत्त्यांच्या हद्दी पाहणारी ढोबळ तपासणी अशी दोन फंक्शने आहेत ती यामुळेच. २०१७ च्या १.१३ आवृत्तीपासून आत जाणारा आणि बाहेर येणारा अ‍ॅरे एकमेकांवर येत असले तरी उत्तर जणू ते वेगळे असल्यासारखेच यावे, असे तिथे ठरले, आणि त्यासाठी गरज पडेल तेव्हा तात्पुरती कॉपी केली जाते.

तुमच्याकडे मात्र दोन्ही स्लाइस एकाच मूळ अ‍ॅरेवर, एकाच मेथडमध्ये, एकाच वेळी मागितल्या जातील. तेव्हा पत्त्यांकडे पाहायचे कारणच नाही, इंडेक्सांकडे पाहा. मूळ अ‍ॅरेच्या दोन वेगळ्या इंडेक्सांवर कधीही तोच घटक नसेल, तर दोन स्लाइस वेगळ्या असण्यासाठी कोणत्याही एका अक्षावर त्यांचे इंडेक्स वेगळे असणे पुरे आहे, आणि तसा एकही अक्ष नसेल तर त्या नक्की एकमेकींवर येतात. प्रत्येक अक्षावर प्रश्न एवढाच उरतो: दोन अंकगणिती श्रेढींना समान पद आहे का? आरंभांमधला फरक दोन टप्प्यांच्या मसाविने भागला जात नसेल तर समान पद नाही. भागला जात असेल तर पहिले समान पद काढून ते दोन्ही पट्ट्यांच्या आत पडते का ते पाहायचे. रेखांशात ० पासून टप्पा २ आणि १ पासून टप्पा २ घेतले तर मसावि २, फरक १, भाग जात नाही. म्हणजे सम आणि विषम स्तंभ दोन थ्रेडना निर्धास्तपणे देता येतात. टप्पा ४ आणि टप्पा ६ घेऊन आरंभ ० आणि २ ठेवले तर मसावि २ ने फरक भागला जातो आणि ८ हे पहिले समान पद निघते, तेव्हा अक्ष ८ च्या पुढे जात असेल तर ही जोडी नाकारावी लागेल. पूर्णांक दिलेला अक्ष म्हणजे एकाच पदाची श्रेढी, आणि उणा टप्पा आधी सुलटा करून घ्यायचा. एनडीअ‍ॅरेमध्ये एकाच वेळी अनेक स्लाइस देणारी जी मेथड आहे तीही अक्षाअक्षाने अशीच तपासणी करते आणि स्लाइस एकमेकींवर आल्या तर पॅनिक करते, म्हणजे त्रुटी दाखवून काम तिथेच थांबवते.

एक पथ्य मात्र पाळा. वर ‘दोन वेगळ्या इंडेक्सांवर तोच घटक नसेल तर’ असे म्हटले आहे, ती अट ब्रॉडकास्ट केलेल्या व्ह्यूने मोडते, कारण तिथे स्ट्राइड शून्य असतो आणि वेगळे इंडेक्स त्याच घटकावर जातात. म्हणून ब्रॉडकास्टचा निकाल फक्त वाचता येणारा व्ह्यू असावा, आणि बदल करता येणाऱ्या व्ह्यूमध्ये एकाहून अधिक लांबीच्या अक्षाला शून्य स्ट्राइड कोणत्याही मार्गाने येणार नाही, हे व्ह्यू तयार करणाऱ्या एकाच खासगी फंक्शनमध्ये तपासा.